शून्य ते एक : वर्गातल्या दोरीवरचे अपूर्णांक (प्रकल्प नोंदी)

१ जुलै २०२४, सोमवार

पाचवीचा वर्ग, पोरं सव्वीस. आज काही न शिकवता फक्त विचारलं, १/६ मोठा का १/८ मोठा, ज्याला जे वाटतं ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि डब्यात टाका. सतरा चिठ्ठ्यांवर १/८. कारण विचारलं तर सरळ उत्तर, बाई सहापेक्षा आठ मोठा असतोय की. त्याच पोरांना लगेच विचारलं, अर्धी भाकरी जास्त का पाव भाकरी, तर सगळा वर्ग एका सुरात अर्धी म्हणाला, हे काय विचारणं झालं का असं तोंड करून. म्हणजे अर्धा, पाव, पाऊण हे शब्द तोंडात आहेत तोवर पोरांना मापाची पक्की जाण आहे, आणि तेच वर अंश खाली छेद असं लिहिलं की ती जाण कुठं जाते कळत नाही, दोन सुटे आकडे दिसतात फक्त, एक वरचा आणि एक खालचा.

मागच्या वर्षी मी सरळ तिरकस गुणाकार शिकवला होता. याचा वरचा त्याच्या खालच्याशी गुणा, त्याचा वरचा याच्या खालच्याशी, ज्याचं उत्तर मोठं तो मोठा. पोरांनी पटापट केलं, चाचणीत मार्क पण पडले, आणि दिवाळीनंतर विचारलं तर निम्म्यांना कुठला गुणाकार कुणाच्या नावावर जमा करायचा तेच आठवेना. शिकवताना चूक माझी झाली, क्रिया दिली पण आकार दिला नाही. यंदा ठरवलंय, पोरांना अपूर्णांक आधी लांबीत दिसला पाहिजे, नुसत्या आकड्यात नाही, आणि तिरकस गुणाकार मी स्वतःहून सांगणार नाही, बघू किती दिवस लागतात ते.

प्रकल्प असा की वर्गात भिंतीला एक दोरी बांधायची, एका टोकाला ०, दुसऱ्या टोकाला १. छेद २ पासून ८ पर्यंतचे सगळे एकपेक्षा लहान अपूर्णांक पत्त्यांवर लिहून कपड्यांच्या चिमट्यांनी जागच्या जागी लावायचे. मोजले तर २८ पत्ते होतात. ही नोंदवही त्यासाठीच, रोज नाही लिहिणार, काही घडलं की लिहीन. पोरांची नावं लिहीत नाही.

२ जुलै

दोरी बांधली. नायलॉनची, घरी कपडे वाळत घालायला आणलेली. फळ्याशेजारच्या खिळ्यापासून दाराच्या दिशेनं २४० सेंमी. २४० घेतलं कारण त्याला २, ३, ४, ५, ६, ८ सगळ्यांनी भाग जातो, सात तेवढा राहतो, त्याचं नंतर बघू. पत्त्यांसाठी जुन्या लग्नपत्रिका, मागची बाजू कोरी असते आणि कागद जाड, चिमट्यात वाकत नाही. प्रत्येक पत्ता ७ सेंमी रुंद कापला. भिंतीवर दोरीच्या खाली बरोबर १२० वर एका पोरीनं स्केचपेननं ठळक रेघ मारून "अर्धा" लिहिलं, मला न विचारता, पण बरं केलं.

४ जुलै

दोन अडचणी आल्या आणि दुसरीतून जे निघालं ते या आठवड्यातलं सगळ्यात भारी काम झालं.

पहिली अशी की नायलॉनला झोळ पडतो. पाच-सहा पत्ते लावले की दोरी मधे खाली येते, टेपनं दोरीवरून मोजलं तर एक आकडा आणि भिंतीवरून सरळ मोजलं तर दुसरा. सेंट्रिंगवाल्याच्या पोरानं घरून वीट रचताना गवंडी ताणून बांधतात ती बारीक दोरी आणली, ती ताणली की तारेसारखी राहते.

दुसरी अडचण गर्दीची. २४० सेंमीवर ७/८ येतो २१० ला आणि ५/६ येतो २०० ला, त्यांच्या मधे ६/७ बसवायचा, आणि पत्ता आहे ७ सेंमीचा, सगळे एकमेकांवर चढणार. म्हणून नवी दोरी दुप्पट घेतली, ४८० सेंमी, तोच फळ्याजवळचा खिळा शून्य आणि "१" चा नवा खिळा थेट दाराच्या चौकटीला लागून. मग परत अर्धा, पाव मोजून लावायला सांगितलं. पाव आला १२० वर. आणि भिंतीवर तिथंच परवाच्या दिवशी लिहिलेलं "अर्धा".

पोरं थबकली. एक जण म्हणाला, बाई भिंतीवर अर्धा लिहिलंय आन् दोरीवर पाव हाय, कुणाचं खरं? मी गप्प बसले. दुसरी म्हणाली भिंतीवरचं पुसा, ते चुकीचं आहे. तिसरी म्हणाली चुकीचं कसं, परवा टेप लावून मोजलं होतं की, तू पण धरला होतास टेप. पाच-सात मिनिटं हे चाललं, मी फक्त खडू हातात धरून उभी. शेवटी मागच्या बाकावरचा एक जण, जो सहसा बोलत नाही, उठून भिंतीपाशी गेला, हातानं जुनी दोरी कुठपर्यंत होती ते दाखवलं आणि म्हणाला, "ह्यो बारक्या दोरीचा अर्धा हाय, आन् ह्यो मोठ्या दोरीचा पाव. जागा येकच, पण दोरी येगळी." मला त्याला उचलून घ्यावंसं वाटलं.

मग मी विचारलं, म्हणजे माझी पाव भाकरी तुझ्या अर्ध्या भाकरीपेक्षा मोठी असू शकते का? आज्जीची असली तर असू शकते, आज्जी थोराड भाकरी थापते, असं लगेच आलं. बस, लहानमोठा ठरवायचा तर दोघांची भाकरी एकाच मापाची पाहिजे हे आता परत सांगायची गरज नाही. पुस्तकात एक अपूर्णांक गोल आकृतीत रंगवलेला असतो आणि शेजारचा चौकोनात, आकार पण वेगवेगळे, आणि पोरांनी तुलना करायची. त्यांच्या मनात काय होत असेल ते मला आज दिसलं. भिंतीवरचं "अर्धा" पुसलं नाही, राहू दिलं.

८ जुलै

१/२ पासून १/८ पर्यंत लावले, सात सोडून. यात फार वेळ गेला नाही. वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे शेतकऱ्याच्या पोरांना शिकवावं लागत नाही, चार भावांत वाटणी झालेली आणि सहा भावांत वाटणी झालेली दोन्ही घरं वर्गात आहेत. वरचा आकडा सारखा असेल तेव्हाचंही लगेच उमगलं, ३/५ आणि ३/८ मधे तुकडे दोन्हीकडे तीनच पण पाचातला तुकडा जाड, मग ३/५ मोठा. खालचा सारखा असेल तर प्रश्नच नाही, तुकडा एकाच जाडीचा, मोजायचे फक्त. पहिल्या दिवशीच्या सतरातल्या काहींनी आपली चिठ्ठी परत मागितली, बदलायला. दिली नाही, शेवटी परत विचारणार आहे म्हणून सांगितलं.

११ जुलै

सात. ४८० ला सातानं भाग जात नाही, ६८ पूर्णांक आणि पुढं लांबण. कॅल्क्युलेटर काढून देणं सोपं होतं पण मला लहानपणी शिकलेली एक युक्ती आठवली आणि ती पोरांच्या हातून करून घ्यायची होती.

आधी वहीवर. आखीव वहीचं पान उघडा, कागदाची कुठलीही एक पट्टी घ्या, तिची एक कड वरच्या ओळीवर टेकवा आणि पट्टी तिरकी करत करत दुसरी कड बरोबर सात ओळींची मोकळी जागा सोडून खालच्या ओळीवर आणा. मधल्या ओळी पट्टीला जिथं जिथं कापतात तिथं खूण करा. झाले सात सारखे भाग. पट्टी कितीची आहे हे मोजायचंच नाही. फक्त ती सात ओळींच्या उंचीपेक्षा लांब पाहिजे, फारच लांब असेल तर प्रत्येक ओळ न धरता दर तिसरी ओळ धरायची. पोरांनी पाच भाग केले, नऊ केले, एकानं अकरा केले, आणि दुमडून बघितले तर एकावर एक बसले. ओळींमधलं अंतर सारखं आहे म्हणून तिरक्या पट्टीवरचे तुकडेही सारखे पडतात, एवढं कारण सांगितलं, पुढचं सातवी-आठवीत कळेल.

आता ४८० सेंमीच्या दोरीला एवढी मोठी वही कुठनं आणायची? एक पोरगी खाली बघत म्हणाली, फरशी. दोन फुटी चौकोनी फरश्या आहेत आमच्या वर्गात, त्यांच्या रांगा म्हणजे वहीच्या ओळीच की. बाकं सरकवली, दोरी सोडली, एक टोक भिंतीकडून पहिल्या सांध्यावर धरलं आणि दुसरं टोक सात रांगा सोडून आठव्या सांध्यावर, दोरी ताणून तिरकी. मधले सहा सांधे जिथं दोरीखालून जातात तिथं स्केचपेनच्या खुणा. मग टेप लावला, पहिली खूण साडेअडुसष्टला. भागाकार केला तर ६८.५७. पोरं नाचली अक्षरशः, आणि मुख्याध्यापक बाहेरून बघायला आले काय चाललंय, त्यांनी पण एक टोक धरलं.

१५ जुलै

५/६ आणि ७/८. यावर आज पूर्ण तास गेला, आणि मला वाटतं या सगळ्या प्रकरणातली खरी गाठ इथंच आहे.

दोरीकडं न बघता सांगा म्हटलं. जवळजवळ अर्धा वर्ग म्हणाला सारखे. कारण? सहातले पाच म्हणजे एक कमी, आठातले सात म्हणजे पण एकच कमी, दोघांत एकेकच उणा, मग सारखेच. हे ऐकायला चुकीचं वाटतं पण विचार अर्धा बरोबर आहे, पोरं उरलेल्या भागाकडं बघायला लागलीत. मी एवढंच विचारलं, जो एक कमी आहे तो केवढा? शांतता. मग पहिल्या बाकावरची म्हणाली, सहातला एक आणि आठातला एक... सहातला मोठा हाय. म्हणजे ५/६ मधनं मोठा तुकडा गेला. म्हणजे राहिला तो कमी. ७/८ मोठा! दोरीवर बघितलं, ४०० आणि ४२०.

मराठीला हा विचार काही नवा नाही हे मला तेव्हा फळ्यावर लिहिता लिहिता जाणवलं. पाऊण म्हणजे काय, पाव उणा. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. एकोणीस म्हणजे विसाला एक उणा. आपण रोज उणं किती हे धरूनच बोलतो, मग वर्गात का नाही वापरायचं? फळ्यावर दोन रकाने केले, एकात अपूर्णांक, दुसऱ्यात "एकाला उणे किती".

मग अवघड दिले. ३/५ आणि ५/७, दोन्हीत दोन तुकडे उणे, पाचातले दोन जाड, सातातले दोन बारीक, म्हणून ५/७ मोठा. त्याच्यापुढं २/३ आणि ५/७. उणे १/३ आणि २/७. अडले. दहा मिनिटांनी एकानं सांगितलं, १/३ म्हणजे २/६ होतंय की बाई, तिसऱ्या भागाचे परत दोन तुकडे केले तर. मग २/६ आणि २/७ मधे २/६ मोठा, म्हणजे २/३ जास्त उणा, म्हणजे ५/७ मोठा. हे मी शिकवलेलं नव्हतं. सममूल्य अपूर्णांकाचा धडा पुढच्या आठवड्यात घ्यायचा होता, तो आज एका पोरानं गरज पडली म्हणून स्वतःच काढला.

उद्या शाळेची दिंडी, परवा आषाढीची सुट्टी.

१९ जुलै

सेंट्रिंगवाल्याच्या पोराचा दिवस. ३/८ आणि १/२ विचारलं तर तो हसला, बाई हे काय, तीन सूत आणि चार सूत. बाकीच्यांना सूत म्हणजे काय माहीत नव्हतं, त्यालाच पुढं बोलावलं. त्यानं सांगितलं ते असं, एका इंचाचे आठ सूत, स्लॅबला जी सळई येते ती तीन सुती, चार सुती, पाच सुती अशी मागायची, तीन सुती म्हणजे दुकानदार १० एमएमची देतो, चार सुती म्हणजे १२ ची. त्याला ५/८ आणि १/२, ३/४ आणि ५/८, सगळं पटापट येत होतं, पाऊण इंच म्हणजे सहा सूत, संपलं. चिठ्ठीच्या दिवशी याच पोरानं १/८ मोठा लिहिलं होतं! बापाबरोबर कामावर गेलं की हेच त्याला नीट येतं आणि वर्गात आलं की येत नाही, ही गोष्ट मला नीट झोपू देणारी नाही.

मग मी विचारलं, १/३ इंच म्हणजे किती सूत? दोन सूत आणि वर थोडं. नक्की सांगता येईना. आठ तुकड्यांत तिसरा हिस्सा बसत नाही.

दुपारी एका पोरीला न्यायला तिचे आजोबा आले होते, पंच्याऐंशीच्या पुढचे, दोरी बघून आत आले. त्यांना विचारलं तुमच्या वेळी हे कसं शिकवायचे. त्यांनी काठी टेकवून, डोळे मिटून पावकी म्हणायला सुरुवात केली, एक पाव पाव, दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक, पाच पाव सव्वा, सहा पाव दीड, आणि थांबेचनात. पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, सगळं पाठ. पोरं दोरीवर बोट ठेवत त्यांच्यामागं म्हणत होती, आणि चार पाव एकला दोरी संपली तरी आजोबा पुढंच. एक पोरगा म्हणाला पाच पाव कुठं लावायचा. मी म्हटलं ते नंतर.

मग आण्यांचं निघालं. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. रुपयाचा तिसरा हिस्सा किती विचारलं तर क्षणात उत्तर, पाच आणे चार पै. बरोबर, ६४ पै, कमीजास्त काही नाही. पैशांत तेच करा, तेहेतीस पैसे आणि पुढं तेहेतीस चालूच, कधी संपत नाही. उलट पाचवा हिस्सा पैशांत बरोबर वीस, आणि आण्यांत तीन आणे दोन पै आणि वर परत तुकडा. म्हणजे कशाचे किती तुकडे करून ठेवलेत त्यावर कुठला हिस्सा सरळ मोजता येतो ते ठरतं. जाता जाता म्हणाले, आमच्या वेळी पीक पण आण्यातच सांगायचे, बारा आणे पीक, सहा आणे पीक. आता पैसेवारी म्हणतात, पण लोकांच्या तोंडात आणेवारीच. आणि ती ५० पैशांच्या खाली गेली की मग टंचाईच्या सवलती, म्हणजे अख्ख्या गावाचा प्रश्न एका तुलनेवर, अर्ध्याच्या वर का खाली.

२३ जुलै

३/८ आणि २/५. आतापर्यंतच्या सगळ्या युक्त्या इथं कमी पडतात. दोन्ही अर्ध्याच्या आत, तुकडे वेगळे, जाडी वेगळी, उणे किती बघितलं तर ५/८ आणि ३/५, तिथंही तोच पेच. दोरीवर ३/८ येतो १८० ला, २/५ येतो १९२ ला, हे सगळ्यांनी मोजलं, पण मी म्हटलं दोरी नसती तर?

आण्यांची गोष्ट डोक्यात होतीच. एक जण म्हणाला, असे तुकडे पाहिजेत की आठांना पण चालतील आणि पाचांना पण. किती? पाढे म्हणून बघितले, आठाच्या आणि पाचाच्या पाढ्यात दोन्हीकडं येणारा, चाळीस. रुपयाचे चाळीस तुकडे करायचे. मग ३/८ म्हणजे चाळीसातले पंधरा, २/५ म्हणजे चाळीसातले सोळा. एकाच तुकड्याचा फरक! आणि तेवढ्यात टेप धरणारी म्हणाली, बाई दोरीवर पण बारा सेंमीचाच फरक आहे, आणि चारशे ऐंशीचे चाळीस केले तर एक बाराच सेंमीचा होतोय. तिनं हा भागाकार कुणी न सांगता केला.

पंधरा कसे आले? तीन गुणिले पाच. सोळा? दोन गुणिले आठ. मी फळ्यावर ते दोन गुणाकार तिरके बाण काढून दाखवले तेव्हा मागच्या वर्षी पाचवीत असलेल्या भावाकडून ऐकलेला एक ओरडला, हे तर तिरकस गुणाकार! हो, तेच. फक्त आता त्यांना माहिती आहे की १५ आणि १६ म्हणजे नुसते आकडे नाहीत, ते चाळीसातले तुकडे आहेत, खालचे चाळीस दोन्हीकडं सारखेच म्हणून लिहिले नाहीत एवढंच. कुठला गुणाकार कुणाचा हा गोंधळ आता होत नाही, कारण ३/८ चे तुकडे मोजायचे तर सुरुवात तीनापासूनच होणार.

आपल्याकडं ही रीत जुनी आहे, भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत हेच आहे, एकमेकांच्या छेदानं दोघांचे अंश आणि छेद गुणायचे, आणि छेदांना सामाईक भाग जात असेल तर आधी तो काढून मग गुणायचे म्हणजे आकडे लहान राहतात. समच्छेद, म्हणजे छेद सारखे करणं, हा शब्दही तिथं आहे. पोरांना सांगितलं की तुम्ही आज जे केलंत ते पावणेनऊशे वर्षांपूर्वीच्या पोथीत आहे, तर एकानं हिशोब करून विचारलं, म्हणजे आण्यांच्या पण आधी?

एक पालक संध्याकाळी भेटले, शिष्यवृत्ती परीक्षेत चढता क्रम उतरता क्रम विचारतात, वेळ कमी असतो, शॉर्टकट द्या म्हणाले. त्यांची काळजी खरी आहे. मी त्यांच्याच पोरीला बोलावलं, ५/६, ३/८, ४/७, १/५ चढत्या क्रमानं लाव म्हटलं. तिनं कागद न घेता लावले. १/५ अगदी कमी, ३/८ अर्ध्याच्या आत, ४/७ अर्ध्याच्या जरा वर कारण सातातले साडेतीन म्हणजे अर्धा, ५/६ एकाच्या जवळ. दहा सेकंद. चारांचा समच्छेद काढायला बसली असती तर ८४० पर्यंत जावं लागलं असतं. ते काही बोलले नाहीत, पण दोरीपाशी बराच वेळ उभे होते.

२६ जुलै

बेरीज करताना होणारी चूक मुद्दाम बाहेर काढायची होती. २/३ आणि ३/४ मिळवा म्हटलं, अपेक्षेप्रमाणे सात-आठ जणांनी वरचे वर आणि खालचे खाली मिळवून ५/७ लिहिलं. मी चूक म्हणायच्या आधी एका पोरीनं दोरीकडं बोट केलं, बाई ५/७ तर ह्या दोघांच्या मधे लटकतोय. खरंच, २/३ आहे ३२० ला, ३/४ आहे ३६० ला, आणि ५/७ साधारण ३४३ ला. बेरीज असती तर दोघांपेक्षा मोठी झाली असती. मग ही काय गोष्ट आहे?

भाकरीवर आणलं. इकडं तिघांत दोन भाकरी, तिकडं चौघांत तीन. दोन्ही पंगती एकत्र बसवल्या, सात जणांत पाच भाकरी. आता प्रत्येकाला किती? आधी ज्यांना कमी मिळत होतं त्यांना जरा जास्त मिळेल, ज्यांना जास्त मिळत होतं त्यांना जरा कमी. म्हणजे नवा वाटा दोघांच्या मधेच पडणार. पोरांना हे इतकं पटलं की त्यांनी दोरीवर सगळीकडं तपासायला सुरुवात केली. १/३ आणि २/५ च्या मधे ३/८. २/५ आणि १/२ च्या मधे ३/७. १/२ आणि ३/५ च्या मधे ४/७. ३/५ आणि २/३ च्या मधे ५/८. प्रत्येक वेळी शेजारच्या दोघांचे वरचे-खालचे मिळवले की मधला. ५/७ आणि ४/५ चं ९/१२ आलं तेव्हा वाटलं मोडलं, पण ९/१२ म्हणजे ३/४, आणि मधे ३/४ च आहे.

रात्री मी वाचत बसले. या क्रमाला फॅरेचा क्रम म्हणतात, जॉन फॅरे नावाच्या इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञानं १८१६ मधे हे पत्रानं छापायला दिलं, त्याच्या आधी १८०२ मधे हॅरोस नावाच्या फ्रेंच माणसानं मांडलं होतं, आणि सिद्धता दिली ती कोशी या फ्रेंच गणितज्ञानं. अजून एक गंमत मिळाली. या दोरीवर अगदी शेजारी असलेले कुठलेही दोन घ्या, तिरकस गुणाकारातला फरक नेहमी एक. ३/८ आणि २/५ चे १५ आणि १६ आपण बघितलेच. ५/६ आणि ६/७ चे ३५ आणि ३६. मी रात्री अकराला एकटीनं सगळ्या जोड्या करून बघितल्या, एकही चुकली नाही. पोरांना उद्या सांगणार नाही, हुडकू दे.

३० जुलै

२८ पत्ते पूर्ण झाले. जागा मात्र २१ च. जे सारखे निघाले ते एकाखाली एक लावले, अर्ध्याखाली २/४, ३/६, ४/८ अशी शेपटी, पावाखाली २/८, पाऊणखाली ६/८, १/३ आणि २/३ खाली २/६, ४/६.

एक पत्ता चुकला होता. ३/७ पाच सेंमी डावीकडं. कुणी पकडला? वर्गात फार कमी बोलणारी एक मुलगी. तिला दिसलं होतं की दोरी अर्ध्यात दुमडली तर डावीकडचा प्रत्येक पत्ता उजवीकडच्या एकावर पडतो, १/८ वर ७/८, ३/८ वर ५/८, १/६ वर ५/६, आणि ३/७ तेवढा ४/७ वर पडत नव्हता. खालचा आकडा तोच, वरच्या दोघांची बेरीज खालच्याएवढी. म्हणजे डावीकडचा जेवढा, तेवढाच उजवीकडचा उणा. तिनं हे मला वर्ग सुटल्यावर, दप्तर पाठीवर घेऊन, दारातनं परत येऊन सांगितलं.

चिठ्ठ्या परत घेतल्या. १/६ का १/८, आणि सोबत दोन नवे, ४/५ का ५/६, आणि ३/७ का ४/९, जो दोरीवर नाही. पहिल्यात २३ बरोबर. दुसऱ्यात १९. तिसऱ्यात ११, आणि त्यातल्या चौघांनी कारण लिहिलंय, सातातल्या साडेतीनला अर्धा उणा आणि नवातल्या साडेचारला पण अर्धा उणा, पण नवातला तुकडा बारीक म्हणून ४/९ अर्ध्याच्या जास्त जवळ. ज्या तिघांचं पहिलंच चुकलं त्यांच्यातले दोघं ऊसतोडीच्या घरचे, दिवाळीनंतर जातील ते परत उशिरा येतील, त्यांच्याबरोबर रोज जेवणाच्या सुट्टीत पट्ट्या कापायला बसायचं ठरवलंय, आजपासून सुरू केलं. तिसऱ्याला चष्मा लागेल असं वाटतंय, दोरीवरचे आकडे त्याला बाकावरून दिसतच नव्हते, घरी निरोप दिलाय.

२ ऑगस्ट

पाच पाव कुठं लावायचा, हे विसरलेत असं मला वाटलं होतं. आज सकाळी आले तर दोघं टेप घेऊन दारात. "१" चा खिळा चौकटीला लागून, त्याच्यापुढं दाराची मोकळी जागा. एक पाव म्हणजे १२० सेंमी, तेवढं पुढं मोजलं तर जुन्या दुपाखी दाराची पलीकडची चौकट बरोबर तिथं येते. सव्वाचा पत्ता तिथं खिळ्याला अडकवला, ५/४ लिहून. मग कुणीतरी म्हणालं ९/८ राहिला, तो ६० सेंमीवर, म्हणजे दाराच्या मधोमध. तिथं दोरी बांधली तर सगळे अडखळणार, म्हणून वरच्या चौकटीला दोरा बांधून पत्ता सोडला, उंच पोरांच्या डोक्याला लागतो, ती वाकून येतात.

दीड व्हरांड्यात जाईल, ७२० ला, तिथं खांब आहे. दोन मोजले तर चौथीच्या वर्गाच्या दारापाशी येतात, त्यांच्या सरांना विचारून ठेवलंय. सोमवारी गवंड्याची अजून पाच मीटर दोरी लागेल.